आधी घर, मग ससा



ससा आवडत नाही असे एकही मूल आपल्या वर्गात नसेल. जत्रेत किंवा आठवडी बाजारात पाटीत बसलेले पांढरे ससे दिसले की आपण हट्ट धरतो, "बाबा, घेऊ या ना!" बाबा कधी कधी घेऊनही देतात. पण घरी आल्यावर प्रश्न पडतो, याला ठेवायचे कुठे? मग कोणी पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवतो, कोणी डालग्याखाली झाकतो. आमच्या आळीत एकांनी असाच ससा आणून डालग्याखाली ठेवला होता. दुसऱ्याच रात्री बोक्याने डालगे उलथवले. सकाळी अंगणात नुसते पांढरे केस उरले होते.

तेव्हा आमचे आबा म्हणाले, "कोंबडीला खुराडं लागतं, गुराला गोठा लागतो, तसं सशालाही घर पाहिजे. आधी घर, मग ससा."

आता आमच्याकडे दोन ससे आहेत. त्यांचे घर बाबांनी आणि सुतारकाकांनी मिळून केले. ससे आणायच्या आधी पंधरा दिवस ते तयार होते. ते कसे करायचे आणि का तसे करायचे, ते मी या लेखात सांगते.

कोणता ससा पाळायचा?

ससे दोन प्रकारचे असतात, हे पुष्कळांना माहीत नसते. एक रानातला आणि एक पाळीव.

रानातला ससा भुरकट रंगाचा, लांब पायांचा असतो. तो बीळ करत नाही. गवतात, उसात नुसता बसून राहतो. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ असतात आणि त्यांचे डोळे उघडे असतात. त्यांची आई दिवसभर पिल्लांपासून लांब राहते, म्हणजे तिच्या वासाने कोल्हा-कुत्रा पिल्लांपर्यंत येत नाही. ती अंधार पडल्यावर येऊन दूध पाजून जाते. ऊसतोडीच्या वेळी अशी पिल्ले सापडली की मुले म्हणतात, "यांना आई नाही, घरी नेऊ." पण आई असते. ती संध्याकाळची वाट बघत असते. म्हणून ती पिल्ले घरी न्यायची नाहीत. तिथेच जवळ बांधाच्या गवतात ठेवावीत आणि कुत्र्यांना लांब हाकलावे. पिल्लू जखमी असेल तर वनविभागाच्या माणसांना कळवावे. रानससा पकडणे आणि पाळणे हा १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

पाळीव ससा वेगळा. तो मूळचा युरोपातला, जमिनीत बिळे करून राहणारा. त्याची पिल्ले जन्मतात तेव्हा अंगावर केस नसतात आणि डोळे मिटलेले असतात. डोळे दहा-बारा दिवसांनी उघडतात. आपल्याकडे पांढरा, लाल डोळ्यांचा मिळतो तो बहुतेक न्यूझीलंड व्हाईट जातीचा असतो. राखाडी रंगाची एक जात आहे, तिचे नाव सोव्हिएत चिंचिला. चिंचिला हा खरा तर दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतात राहणारा खारीएवढा प्राणी आहे. त्याच्यासारखी राखाडी मऊ लोकर म्हणून सशाच्या जातीलाही ते नाव मिळाले. आमच्याकडचे दोघे पांढरे आहेत.

ससा कशाला भितो?

घर करायच्या आधी हे समजून घेतले पाहिजे. सुतारकाकांनी बाबांना पहिला प्रश्न हाच विचारला, "याला धोका कशाकशाचा?"

सशाला शिंगे नाहीत. त्याला दोनच गोष्टी येतात, पळणे आणि लपणे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, म्हणून त्याला पुढचे-मागचे जवळजवळ सगळे दिसते. धोका वाटला की तो मागचा पाय जमिनीवर धाडकन आपटतो. आम्हाला रात्री तो आवाज आला की आबा बॅटरी घेऊन उठतात.

आपल्या गावात सशाचे शत्रू म्हणजे बोका, कुत्रा, मुंगूस, साप आणि घूस. लहान पिल्लांना कावळा आणि घारसुद्धा उचलते. हे झाले दिसणारे शत्रू. आणखी दोन शत्रू आहेत ते दिसत नाहीत. एक ऊन आणि दुसरी ओल. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. तो लांब कानांतून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. हवा ३० अंशांच्या वर तापली की त्याला त्रास होतो आणि ३५ च्या वर गेली तर जीवही जातो. आपल्याकडे मे महिन्यात पारा कुठल्या कुठे जातो. त्यामुळे उन्हात ठेवलेला पिंजरा बोक्यापेक्षाही वाईट.

म्हणून सशाच्या घराला चार गोष्टी पाहिजेत. शत्रू आत येऊ नये. ऊन आणि पाऊस लागू नये. वारा खेळता राहावा. आणि लपायला अंधारी खोली असावी.

जागा कुठली निवडायची?

आम्ही परसात कडुनिंबाच्या सावलीत, भिंतीला लागून जागा निवडली. घराचे तोंड पूर्वेला केले. त्याने सकाळचे कोवळे ऊन आत येते आणि दुपारचे कडक ऊन येत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात झड पश्चिमेकडून येते, म्हणून पाठीमागची बाजू पश्चिमेला करून ती फळ्यांनी पूर्ण बंद केली. चुलीचा धूर येतो तिथे आणि उकिरड्याजवळ पिंजरा ठेवू नये. कुत्रा बांधतो त्याच्यासमोर तर मुळीच नको. कुत्रा नुसता भुंकला तरी ससा घाबरून खायचे सोडतो.

मापे आणि सामान

दोन सशांसाठी घराची लांबी ६ फूट, रुंदी २ फूट आणि उंची २ फूट ठेवावी. हे कमीत कमी माप आहे, मोठे केले तर चांगलेच. लांबी ६ फूट का? सशाला निदान तीन उड्या मारता आल्या पाहिजेत. उंची २ फूट का? तो मागच्या पायांवर उभा राहून कान टवकारतो, तेव्हा कान छताला लागू नयेत. बाजारात मिळतो तो पोपटाएवढा पिंजरा सशाला चालत नाही. त्यात त्याला नीट वळतासुद्धा येत नाही.

गणिताच्या तासाला आपण क्षेत्रफळ शिकलो ते इथे उपयोगी पडले. तळाचे क्षेत्रफळ ६ × २ = १२ चौरस फूट. त्याचे दोन भाग केले. डावीकडे २ फुटांची झोपायची खोली आणि उजवीकडे ४ फुटांची मोकळी खोली. पुढच्या बाजूला जाळी फक्त मोकळ्या खोलीला लागते, म्हणजे ४ × २ = ८ चौरस फूट.

सामान असे लागले : चार पाये, वासे आणि रिपा, जुन्या फळ्या, लोखंडी जाळी, खिळे, चार बिजागऱ्या, दोन कडी-कोयंडे, पत्रा आणि वर घालायला उसाचे पाचट. आम्ही पुष्कळसे लाकूड जुन्या मोडक्या दारांचे वापरले. त्याने खर्च वाचला. फक्त जाळी आणि बिजागऱ्या तालुक्याहून आणल्या.

घर कसे बांधायचे?

(१) पाये. घर जमिनीपासून अडीच ते तीन फूट उंच ठेवावे. त्याने ओल लागत नाही, घूस वर येत नाही आणि आपल्याला उभे राहून झाडता येते. प्रत्येक पायाखाली पाण्याने भरलेली पसरट वाटी ठेवावी, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. वाटीतले पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलायचे, नाही तर त्यात डास होतात.

(२) तळ. झोपायच्या खोलीला फळ्यांचा तळ करावा. मोकळ्या खोलीला अर्ध्या इंचाच्या भोकांची जाळी लावावी, म्हणजे लेंड्या खाली पडतात. पण सशाच्या पायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. सारखे जाळीवर बसून त्याच्या पायाला जखमा होतात. म्हणून जाळीवर एक-दोन सुट्या फळ्या टाकाव्यात. आमचे ससे दिवसभर त्या फळ्यांवरच बसतात.

(३) जाळी. ही सगळ्यात महत्त्वाची. कोंबड्यांना लावतात ती मधाच्या पोळ्यासारख्या भोकांची पातळ जाळी घेऊ नये. ती कुत्रा दाताने फाडतो. वेल्डिंग केलेली चौकोनी जाळी घ्यावी. भोके अर्ध्या इंचाची असली की मुंगूस, घूस आणि मोठा साप यांना आत शिरता येत नाही. जाळी बाहेरून ठोकून तिच्या कडेवर रीप मारावी, म्हणजे तारांची टोके सशाला बोचत नाहीत. खिळ्यांची टोके आत आली असतील तर वाकवून ठोकावीत. सगळे झाल्यावर बाबांनी मला आतून हात फिरवून बघायला लावले. कुठे बोचले तर तिथे खडूने खूण करायची. तीन ठिकाणी खुणा झाल्या आणि सुतारकाकांनी त्या तिन्ही जागा रंध्याने, कानशीने गुळगुळीत केल्या.

(४) दारे आणि कडी. दोन दारे करावीत, प्रत्येक खोलीला एक. झोपायच्या खोलीचे दार लाकडी असावे. नुसती दोरी बांधून किंवा तार पिळून भागत नाही. बोका पंजाने तार सोडवतो आणि ससा आतून दोरी कुरतडतो. कडी-कोयंडा लावून त्यात लाकडी खुंटी घालावी.

(५) मधली भिंत. दोन खोल्यांमध्ये फळीची भिंत घालून तिला एक वीतभर रुंद भोक ठेवावे. ससा त्यातून ये-जा करतो. घाबरला की आतल्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसतो. त्याला ते आपले बीळ वाटते. लपायला जागा नसेल तर ससा भीतीनेच मरू शकतो. म्हणून ही खोली शोभेची नाही.

(६) छप्पर. पुढे उंच आणि मागे उतरते करावे. पुढच्या बाजूला अर्धा फूट बाहेर काढावे, म्हणजे पागोळ्या आत येत नाहीत. नुसता पत्रा उन्हात तव्यासारखा तापतो. म्हणून पत्र्यावर पाचटाचा किंवा झावळ्यांचा जाड थर बांधावा.

(७) रंग नको. सशाचे दात जन्मभर वाढत असतात. ते झिजावेत म्हणून तो लाकूड कुरतडतो. आतून तेलरंग दिला तर तो रंग त्याच्या पोटात जाईल. कुरतडायला बांबूचा तुकडा किंवा शेवग्याची काटकी ठेवावी.

घरात काय काय ठेवायचे?

झोपायच्या खोलीत वाळलेले गवत जाड पसरावे. ओले किंवा बुरशी आलेले गवत घालू नये. पाण्यासाठी मातीचे किंवा दगडाचे जड भांडे घ्यावे. जर्मनचे हलके भांडे ससा लगेच पालथे करतो. गवत खायला जाळीला लहान गव्हाण अडकवावी. तळाशी टाकलेले गवत तुडवले जाते आणि घाण होते.

आपल्याला वाटते की ससा गाजरावरच जगतो. पण गाजर त्याचा खाऊ आहे, जेवण नाही. गाजरात साखर असते. आठवड्यातून एक-दोनदा बोटाएवढा तुकडा पुरे. सशाचे खरे जेवण म्हणजे गवत. रोज त्याच्या अंगाएवढी गवताची पेंडी लागते. त्याबरोबर मूठभर हरळी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला असे काही द्यावे. पाला धुऊन आणि निथळून द्यावा. भाकरी, बिस्कीट, भात, गोड पदार्थ देऊ नयेत. कांदा, लसूण आणि कच्चा बटाटाही नको. रुई, कण्हेर आणि धोतरा विषारी आहेत. गवत कापून आणताना त्यात ही पाने आली नाहीत ना, ते बघावे. औषध फवारलेल्या शेतातले गवत आणू नये.

एक गंमत सांगते. ससा स्वतःची मऊ लेंडी खातो. ते बघून माझी धाकटी बहीण "शी!" म्हणाली. पण ती त्याची घाण सवय नाही. गाय जसे खाल्लेले पुन्हा चघळते, तसे ससा एकदा पचलेले पुन्हा पचवतो. तसे केले नाही तर तो अशक्त होतो. कडक लेंड्या मात्र तो खात नाही. त्या आम्ही वांग्यांच्या आळ्यात घालतो.

एक आणावा की दोन?

ससा कळपाने राहणारा प्राणी आहे. एकटा असला की उदास होतो. म्हणून दोन आणावेत. पण नर-मादी आणली तर काय होते बघा. मादी ३० ते ३१ दिवसांत वितेते आणि एका वेळी चार ते आठ पिल्ले होतात. तीन-चार महिन्यांत घर पुरत नाही. म्हणून एकाच वेताच्या दोन माद्या आणाव्यात. ओळखता येत नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारावे. पिल्ले निदान दोन महिन्यांची असावीत. त्याहून लहान पिल्लू आईपासून तोडू नये.

पहिला दिवस

ससे आणायचे तर संध्याकाळी थंड वेळेला आणावेत. झाकणाच्या टोपलीत गवत घालून आणावे. घरी आल्यावर त्यांना लगेच घरात सोडावे आणि बाजूला व्हावे. पहिले दोन-तीन दिवस सगळ्या आळीने येऊन हात लावायचा नाही. आमच्याकडे आजी पिंजऱ्यापाशी बसली आणि मुलांना म्हणाली, "बाळांनो, पाहुणं नवीन आहे. त्याला आधी निजू द्या."

सशाला कानाला धरून कधीही उचलू नये. त्याला फार दुखते. एक हात छातीखाली आणि दुसरा हात मागच्या पायांखाली घालून अंगाशी धरावे. मागचे पाय लोंबकळले तर तो जोरात लाथा झाडतो आणि त्यात त्याच्या पाठीचा कणा मोडू शकतो.

तीन ऋतूंत काय करायचे?

उन्हाळ्यात गोणपाट ओले करून जाळीच्या वरच्या बाजूला अडकवावे. वारा बंद होईल इतके झाकू नये. दुपारी पाण्याने भरलेले लहान मडके आत ठेवावे. ससा त्याला टेकून बसतो. ससा तोंड उघडून धापा टाकत असेल तर त्याला ताबडतोब गारव्याला न्यावे, कान साध्या पाण्याने ओले करावेत आणि डॉक्टरांना बोलवावे.

पावसाळ्यात रोज गवत बदलावे. ओले गवत राहिले तर माशा बसतात आणि अळ्या होतात.

थंडीत ससा चांगला राहतो. झोपायच्या खोलीत गवत वाढवावे, एवढे पुरे. दिवाळीत मात्र फटाक्यांना तो फार भितो. त्या दिवसांत आम्ही ससे टोपलीतून माजघरात आणून ठेवतो.

रोजचे काम

सकाळी पाणी बदलणे, गवत घालणे आणि खालच्या लेंड्या झाडणे एवढ्याला पाऊण तास लागतो. तो मी शाळेत यायच्या आधी देते. संध्याकाळी दोन तास ससे अंगणात सोडतो, पण कोणीतरी राखण पाहिजे. कायमचे जमिनीवर कुंपण करायचे असेल तर जाळी एक-दीड फूट जमिनीत पुरावी, कारण ससा उकरून बाहेर पडतो. आठवड्यातून एकदा सगळे घर धुऊन उन्हात वाळवतो. ससा एक दिवस जरी काही खाल्ले नाही तरी तो आजारी आहे असे समजावे आणि दवाखान्यात न्यावे. उद्यावर टाकू नये.

आणखी एक हिशोब. चांगला सांभाळला तर ससा आठ ते दहा वर्षे जगतो. मी आता दहा वर्षांची आहे. म्हणजे मी अठरा-वीस वर्षांची होईन तोपर्यंत हे काम माझे आहे. बाबांनी ससे आणायच्या आधी मला हे विचारले होते, "चार दिवसांची हौस आहे, की दहा वर्षांचं काम करशील?" मी आठ दिवस विचार करून हो म्हटले. तोपर्यंत पायेसुद्धा कापले नव्हते.

लक्षात ठेवा

रानातला ससा रानातच राहू द्यावा.
घर पूर्ण झाल्याशिवाय ससा आणू नये.
जाळी जाड आणि भोके बारीक असावीत.
कडीला रोज रात्री हात लावून बघावे.
सावली, वारा आणि लपायला खोली या तीन गोष्टी विसरू नयेत.
कानाला धरून उचलू नये.

मित्रांनो, ससा सहसा ओरडत नाही आणि मागत नाही. तहान लागली तरी गप्प असतो, ऊन लागले तरी गप्प असतो. त्याला काय पाहिजे ते आपणच आधी ओळखून ठेवायचे असते. ज्यांना ते जमणार असेल त्यांनी जरूर ससे पाळावेत. ज्यांना जमणार नसेल त्यांनी आमच्याकडे येऊन बघावेत, तेही चांगलेच आहे. पालकांनाही विनंती आहे की मुलाने हट्ट केला तर आधी सुतारकाकांकडे जावे आणि मग बाजारात जावे. कोणाला मापे उतरून घ्यायची असतील तर त्यांनी मधल्या सुट्टीत मला विचारावे. वहीत चित्र काढून ठेवले आहे.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी